श्वासावरचा हात

अपघातानंतरचे अकरा महिने माझा उजवा हात फक्त स्वप्नात काम करत होता. झोप लागली की तो गादीवरून उठायचा, दुकानात जाऊन बसायचा आणि कुणाच्या तरी मनगटात बांगड्या भरायचा. कुणाच्या ते दिसत नसे. नुसता समोर आलेला एक पंजा, आणि हिरव्या काचेतून चटईवर उतरलेलं दुपारचं ऊन. जाग आली की तोच हात शेजारी पडलेला असे, कुणी पाहुणा विसरून गेल्यासारखा. मी डाव्या हातानं तो उचलून पोटावर ठेवायचो. वजन भरपूर, काम कवडीचं नाही.

मी नंदकुमार वेळापुरे, करमाळ्याचा कासार. आमच्या घरात सहा पिढ्या बांगड्या भरण्याचं काम आहे. आता मनगटाचं माप घेणारी यंत्रं निघाली, दगडावर आपटली तरी न तडकणारी काच निघाली, घरबसल्या डबा दारात येतो. तरीही लग्नाचा चुडा आणि डोहाळजेवणाच्या बांगड्या भरायला बायका अजून कासाराकडेच येतात. यंत्राला माप कळतं, हात कळत नाही. अंगठ्याचं बूड किती मऊ आहे, बोटांमागची हाडं किती मिटतील, कुठे थांबायचं आणि कुठे सारायचं, हे दाबून बघावं लागतं. आमच्या घरची रीत अशी की उजव्यानं हात दाबायचा आणि डाव्यानं बांगडी सारायची. मी सव्वादोनची बांगडी अडीचच्या हातात चढवत असे, आणि बाई शेजारणीशी बोलतच असे.

वडील मला सांगायचे, "नंदू, परक्या बाईचा हात धरायची मुभा दोघांनाच. वैद्याला आणि कासाराला. कासाराच्या हाताला डोळे असावेत, मन नसावं." मी ते आयुष्यभर पाळलं. हात म्हणजे हात. त्याच्या वरच्या चेहऱ्याकडे मी नंतर बघायचो.

मग तो जेऊरचा रस्ता आला. स्टेशनवर उतरलेला माल घेऊन आम्ही परत येत होतो. स्कूटर माझी मुलगी शर्वरी चालवत होती, मी मागे, मांडीवर बांगड्यांचा खोका. वळणावर कुणाच्या तरी ट्रॉलीतून उसाचं वाडं सांडलं होतं. चाक घसरलं. शरूच्या गुडघ्याला खरचटलं, मी उजव्या खांद्यावर आपटलो. खोक्यातली एकही बांगडी वाढली नाही. फुटली असं आम्ही म्हणत नाही, बांगडी वाढते. माझा हात मात्र गेला.

त्या दिवशी शरूनं स्वतःच्या हातातल्या बांगड्या उतरवून ठेवल्या. कासाराची पोर आणि मनगटं मोकळी. पुण्यातलं शिक्षण सोडून ती घरी आली, इथल्याच बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली, आणि कुणी विचारलं तर एवढंच म्हणे, "गाडी मी चालवत होते." लोकांना वाटायचं मला माझा हात परत हवाय. मला हवं होतं ते वेगळंच. शरूनं पुन्हा बांगड्या घालाव्यात आणि त्या मी भराव्यात. हात फक्त त्याच्यासाठी हवा होता.

*

पुण्याच्या डॉक्टर तहसीन इनामदार बोलायला फार गोड, पण लपवाछपवी नाही.

"मणक्यातून हाताकडे पाच नसा जातात," त्या म्हणाल्या. "तुमच्या पाचही मुळासकट उपटून आल्यात. मधेच तुटली असती तर शिवली असती. उपटलेली परत लावता येत नाही."

"मग संपलं?"

"संपलं कशाला? आपल्या घरची वीज गेली की शेजाऱ्याकडून वायर ओढतो ना आपण? तुमचे शेजारी म्हणजे बरगड्या."

प्रत्येक दोन बरगड्यांच्या मधून एक नस जाते. श्वास घेताना छाती उचलणं आणि छातीच्या कातडीला स्पर्श कळवणं, ही तिची कामं. अशा तीन नसा सोडवून हाताकडे वळवायच्या. ही युक्ती जुनीच. अडचण वेगाची होती. नस वाढते दिवसाला एक मिलिमीटर. बरगडीपासून बोटापर्यंत पोचायला दोन-अडीच वर्षं लागत, आणि तोवर पंजाचे स्नायू वाळून जात. म्हणून पूर्वी कोपर तेवढं वाकायचं आणि पंजा लोंबकळत राहायचा. आता नवा धागा निघाला होता. केसापेक्षा बारीक, आतून पोकळ. त्याच्या भिंतीत वाढीचं औषध आणि विजेचे अगदी हलके ठोके. त्या बोगद्यातून नस दिवसाला चार मिलिमीटर सरकते, आणि काम झालं की धागा विरघळून जातो. बोटं मिटायला खांद्यामागची आणखी एक नस उसनी घेणार होते.

"एक सांगून ठेवते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नस हातात पोचेल, पण मेंदूच्या वहीत तिचा पत्ता छाती असाच राहील. तुम्ही खोल श्वास घेतलात की कोपर वाकेल. बोटाला काही लागलं तर छातीला लागल्यासारखं वाटेल. घाबरू नका. हात स्थिर झाला की आपण नकाशा बदलू."

नकाशा बदलणं म्हणजे डोक्यावर एक टोपी घालायची. बोटाला स्पर्श करायचा आणि त्याच क्षणी टोपीनं मेंदूतल्या हाताच्या जागेला चुंबकाची टिचकी द्यायची. चाळीस दिवस रोज दोन तास. मेंदू शेवटी पत्ता बदलतो. एकदा बदलला की मागे फिरत नाही.

निघताना त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला. शरू तेव्हा औषधं आणायला खाली गेली होती. माझी बायको उज्ज्वला तिथेच होती. त्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना दिलं, आणि शरू वर यायच्या आत विषय बदलला.

*

शस्त्रक्रिया झाली, धाग्यातून नसा सरकत राहिल्या. अपघातानंतरच्या अकराव्या महिन्यात, एका दुपारी, माझ्या छातीवर माशी बसली. उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली चार बोटं. मी डाव्या हातानं ती हाकलली. परत बसली. सदऱ्यावर बघतो तर काहीच नाही. मग नजर खाली गेली. माशी माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटावर बसून पाय चोळत होती.

मी तिला उडवलं नाही. ती बोटावरून तळव्यावर आली, आणि माझ्या छातीवरून कुणीतरी इवल्या पावलांनी चालत गेलं. डोळे मिटून मी पडून राहिलो. पुढे कधीही माशीवर इतका जीव जडला नाही.

चारच दिवसांनी जांभई आली आणि हात आपोआप उठला. उज्ज्वला समोर पोहे निवडत होती. तिनं ताट टाकलं आणि देवीच्या नावानं ओरडली. त्यानंतर घरात गंमतच सुरू झाली. मी शिंकलो की हात सलाम ठोकायचा. हसलो की कोपर टुणटुण उडायचं. खांदे उडवून "मला काय ठाऊक" म्हटलं की मूठ मिटायची, आणि मुठीत जे असेल ते अडकून बसायचं. एकदा उज्ज्वलाच्या लुगड्याचा पदर दहा मिनिटं अडकला होता.

व्यायाम शरू घ्यायची. समोर बसून मोजायची. "श्वास घ्या. धरा. सोडा." वाकलेलं कोपर हळूहळू सरळ करायला तिला माझा हात धरावा लागे, तो ती रबरी हातमोजे घालून धरायची. हातातली जाणीव वाढत गेली तसं तिनं तेही सोडलं.

"दुखेल तुम्हाला," ती म्हणाली.

"नाही दुखत गं."

"तुम्हाला कळणार नाही, पप्पा. राहू दे. पट्टा आहे ना, पट्ट्यानं करू."

पट्टा छान होता. ताण मोजायचा, आकडे दाखवायचा. मला त्याचा राग यायचा.

*

दीड-दोन वर्षांच्या सरावानंतर मी दुकानाच्या चटईवर परत बसलो. श्वास किती घ्यायचा, कुठे रोखायचा, खांदा किती उचलायचा, सगळं अंगवळणी पडलं होतं. पहिलं गिऱ्हाईक शालनकाकू. सत्तरीच्या, तोंड फटकळ.

"आरं नंदू, हात हाय का लाकूड ते बघाया आले," त्या म्हणाल्या आणि पंजा पुढे केला.

मी तो धरला, आणि माझा श्वास अडकला. त्यांचा खरबरीत, चुलीजवळचा, उबदार पंजा माझ्या छातीवर येऊन बसला होता. अंगठ्याखालची भेग मला बरगडीवर कळत होती. मी हळूच श्वास सोडला, पंजा दाबला, बांगडी सारली. एकामागून एक बाराही चढल्या.

"लाकूड न्हाई," काकूंनी निकाल दिला. "पर आदी असा जपून धरत न्हवतास तू."

पुढचे काही आठवडे मी धुंदीतच होतो म्हणा ना. दुपारचं ऊन बांगड्यांच्या माळांतून झिरपायचं, चटईवर हिरवे-लाल डाग हलत राहायचे, आणि एकेक हात येऊन माझ्या छातीवर टेकायचा. कुणाचा गार, विहिरीवरून आल्यासारखा. कुणाचा पिठाचा. एका परिचारिकेचा इतका थकलेला की मला बसल्या जागी झोप यायला लागली. त्यांची मनं मला कळत होती असं नाही, तसले चमत्कार मी सांगत नाही. पण तीस वर्षं ज्यांचे हात मी फक्त माप म्हणून धरले, त्या बायकांचं वजन मला पहिल्यांदा जाणवत होतं. घरी गेलो तरी ते उतरायचं नाही.

मग ती नवरी आली. विशीतली, शेजारी आई. चुडा भरायला हात पुढे केला तेव्हा तो थरथरत होता. नवऱ्या मुलींचे हात थरथरतातच, मी शेकडो धरलेत. पण या वेळी ती थरथर माझ्या छातीत झाली. तिची नाडी माझ्या बरगडीवर टकटक करायला लागली. दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरल्यासारखं वाटलं. मी हात सोडला, आणि डाव्या हातातली बांगडी चटईवर पडून वाढली.

चुड्याची बांगडी भरताना वाढावी, हे कुठल्या कासाराला सोसेल? मुलीची आई पांढरीफटक पडली. "काका, काय झालं?"

"हात अजून कच्चा आहे, ताई," मी म्हणालो, आणि उज्ज्वलाला हाक मारली. तिनं देवीसमोर पाच बांगड्या ठेवल्या, गोड बोलून बाकीचा चुडा भरला. मी आत जाऊन बसलो.

*

संध्याकाळी चहा घेताना मी उज्ज्वलाला सगळं सांगितलं. पंचवीस वर्षांच्या संसारात एवढं अवघड काही बोललो नव्हतो.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे अख्ख्या तालुक्याच्या बायका तुमच्या छातीवर?"

"हसू नकोस."

"हसत नाही हो," असं म्हणत ती इतकी हसली की बशीतला चहा सांडला. मलाही हसू फुटलं आणि माझा हात कपासकट उडायला लागला. ते बघून ती आणखी हसली. मग डोळे पुसून तिनं कप काढून घेतला आणि आपला हात माझ्या हातात ठेवला. तिचं बोट कांदा चिरताना कापलं होतं, तो व्रण मला बरगडीवर सापडला. इतकी वर्षं तो कुठे होता कोण जाणे.

"पुण्याला फोन करतो," मी म्हणालो. "टोपी घालून घेतो. बायका विश्वासानं हात देतात. त्यांना न सांगता तो छातीवर घ्यायचा मला हक्क नाही."

"बरोबर आहे. जा. पण शरूचा हात धरलात का?"

"ती देत नाही."

"का देत नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. तिला ठाऊक नाही." तिनं हात काढून घेतला. "डॉक्टरीणबाईंनी काय विचारलं होतं, ते तिला सांगा आधी. मग जा पुण्याला डोकं दुरुस्त करायला."

उज्ज्वला बोलते कमी, पण घाव नेमका घालते. मला राग आला, कारण तिचं खरं होतं.

*

पुण्याची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची होती. दुपारी दुकानात कुणी नव्हतं. शरू दवाखान्याचे कागद लावून घेऊन आली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "हे वर ठेवा, हे त्यांना द्या."

"बस जरा."

मी वरच्या फळीवरचा खोका काढला. उजव्या हातानंच काढला, मोठा श्वास घेऊन. त्याच्यावर जेऊर स्टेशनची चिठ्ठी अजून होती. उज्ज्वलानं त्याच आठवड्यात बांगड्या मोजून तो वर ठेवला, त्यानंतर तीन वर्षांत तो कुणी उघडला नव्हता.

शरूनं ओळखला. "हा अजून ठेवलाय?"

"उघड. मोजून घे. अठ्ठेचाळीस डझन आहेत, एकही वाढलेली नाही."

तिनं झाकण उघडलं. कागदाच्या कातरणात हिरव्या बांगड्या जशाच्या तशा होत्या. तिनं एका माळेवरून बोट फिरवलं. "मग?"

"माणूस रस्त्यावर आपटला आणि काच कशी वाचली, शरू?"

ती माझ्याकडे बघायला लागली.

"मी सोडला नाही खोका," मी म्हणालो. "दोन्ही हातांनी पोटाशी धरून ठेवला. डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, पडताना माणूस हात टेकतो, तुमचा हात का नाही आला पुढे? टेकला असता तर मनगट मोडलं असतं. दीड महिन्यात बरं झालं असतं. सगळा भार खांद्यावर आला म्हणून नसा उपटल्या. गाडी तर कुणाचीही घसरली असती. हात मी घालवला. बांगड्या वाढू नयेत म्हणून."

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"होतं."

"मला का नाही सांगितलं?"

"लाज वाटली. अठ्ठेचाळीस डझन काचेसाठी हात दिला, असा बाप कुणाला सांगायचा? पुढे तू गप्प गप्प राहायला लागलीस. मला दिसत होतं तू काय उचलून चालली आहेस ते. आज सांगू, उद्या सांगू म्हणत मी ते तुझ्या डोक्यावर राहू दिलं."

ती उठली. दारापर्यंत गेली. मला वाटलं, गेली. पाठमोरीच म्हणाली, "तीन वर्षं मी गाडीच्या किल्लीला हात लावला नाही, पप्पा. तीन वर्षं रोज सकाळी उठल्यावर आधी तुमच्या हाताकडे बघत होते."

मी चटईवर सांडलेली कागदाची कातरणं गोळा करत राहिलो.

बाहेरून रसवंतीच्या घुंगरांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं ती परत आली, चटईवर बसली. चेहरा रागानं लाल, गाल ओले. उजवा हात तिनं असा पुढे केला, जणू भांडणच करतेय.

"भरा," ती म्हणाली.

मी तो धरला.

शरू चार महिन्यांची असताना दुपारची माझ्या छातीवर झोपायची. डाव्या खिशात पेन असायचं, ते तिला टोचायचं, म्हणून मी तिला उजवीकडे घ्यायचो. गळ्याच्या हाडाखाली चार बोटं. तीच जागा. तेच उबदार ओझं, तेवढंच. तेवीस वर्षं मधून कुणीतरी काढून घेतली होती. मी हाडं मिटवली, श्वास रोखला, पहिली बांगडी सारली. चढली. दुसरी. तिसरी. अंगठ्याचं बूड तिचं लहानपणापासून आईसारखं कडक, तिथं मी थांबलो, फिरवलं, सारलं. चौथी.

पाचवीला मला रडू आलं. मी ते दाबून धरलं, पण हुंदका म्हणजे तरी काय, तुटक तुटक ओढलेला श्वासच. प्रत्येक हुंदक्याला कोपर थोडं वाकलं. आणखी थोडं. माझा हात तिच्या हातासकट वर येत गेला आणि माझ्या सदऱ्यावर टेकला. तिचा तळवा माझ्या छातीवर, आणि माझ्या बोटांतलाही तिचा तळवा तिथेच. एकाच जागी ती मला दोनदा कळत होती.

"पप्पा, तुम्ही ओढताय?"

"नाही गं. खरंच नाही. श्वास ओढतोय."

ती हसली की रडली ते मला नीट दिसलं नाही. हात मात्र तिनं काढून घेतला नाही. माझा श्वास थाऱ्यावर आला तसं कोपर आपोआप सैल झालं, आणि आमचे हात चटईवर उतरले. मी उरलेल्या बांगड्या भरल्या. तिनं मनगट हलवून बघितलं. तीन वर्षांनी तिच्या हाताचा तो आवाज मी ऐकला.

"उद्यापासून हे जाईल?" तिनं विचारलं.

"चाळीस दिवस लागतात. हळूहळू जाईल. मग हात हातासारखा."

"परत नाही येणार?"

"नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, एकदा पत्ता बदलला की बदलला."

बाहेरचे घुंगरू थांबले होते. चटईवरचे हिरवे डाग सरकून तिच्या मांडीवर आले होते. मग तिनं बांगड्यांनी भरलेला उजवा हात मागे घेतला आणि मोकळा डावा माझ्यापुढे ठेवला.

"मग हा पण आजच भरा."